बाइकवर हलकं वाटतं, मग थेरपी कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, पुण्यात आयटीत नोकरी, घरी बायको आणि तीन वर्षांचा मुलगा, डोक्यावर गृहकर्ज. दीड वर्षापूर्वी टीम बदलली, नवीन मॅनेजर आला, रात्रीचे कॉल सुरू झाले. तेव्हापासून पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. घरात बारीकसारीक गोष्टींवरून आवाज चढतो. दर रविवारी पहाटे बुलेट काढून ताम्हिणी घाटाकडे जातो, ते चार तास डोकं एकदम शांत असतं. बायको म्हणते, काउन्सेलरला भेट, नाहीतर ती गाडी तरी विकून टाक. ग्रुपमधले मित्र म्हणतात, 'तुझी गाडीच तुझी थेरपिस्ट.' एका सेशनला दीड हजार लागतात, तेवढ्यात दोन रविवारचं पेट्रोल आणि नाश्ता होतो. मग थेरपीची खरंच गरज आहे का?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्यात १९ वर्षं प्रॅक्टिस करते. गाडी त्याच्याही आधीपासून चालवते. अकरावीत असताना बाबांनी एम-एटीवर शिकवली, आणि गेली बारा वर्षं माझ्याकडे साडेतीनशे सीसीची बुलेट आहे. तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी जगले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की गाडीवर तुम्हाला जे वाटतं ते खरं आहे. तो मनाचा खेळ नाही, आणि 'पळवाट काढतोस' असं म्हणून कुणी ते मोडीत काढू नये.

ताम्हिणीचाच विचार करा. मुळशीचं पाणी मागे पडतं, कोकणाकडचा उतार सुरू होतो. समोर डावीकडे वळणारं, पुढचं न दिसणारं वळण. वळणाच्या आधीच तुम्ही थ्रॉटल सोडता, ब्रेक लावून वेग उतरवता, चौथ्यातून तिसरा टाकता. उजव्या हाताकडे थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक, डाव्याकडे क्लच, डाव्या पायाकडे गिअर, उजव्याकडे मागचा ब्रेक. चारही हातपाय वेगवेगळं काम करत असतात आणि ते एकमेकांशी जुळवावं लागतं. डोळे कडेची बारीक खडी शोधतात, ट्रकमधून सांडलेल्या डिझेलचा पट्टा शोधतात, पावसाळ्यात झाडाखालचा ओला पाला शोधतात. मग नजर वळणाच्या शेवटाकडे जाते, कारण जिकडे नजर तिकडे गाडी. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाता. हँडलची डावी बाजू हलकेच पुढे ढकलली की गाडी डावीकडे झुकते, आणि वळण संपताना थ्रॉटल पुन्हा उघडला की सरळ होते. सगळं मिळून पाच-सहा सेकंद. आणि लगेच पुढचं वळण.

या पाच-सहा सेकंदांत मॅनेजरच्या मेलला जागा कुठे आहे? आपलं मन एका वेळी मोजक्याच गोष्टी पेलू शकतं. ताणाखालचं मन काय करतं, तर विचारांचा रवंथ करतं. तो असं का म्हणाला, मी तसं का नाही बोललो, उद्या काय होईल, हप्ता चुकला तर. गाय चारा चघळते तसं तेच ते वर आणून पुन्हा चघळायचं. हा रवंथ रिकाम्या लक्षावर जगतो. घाटरस्ता तुमचं सगळं लक्ष मागून घेतो, म्हणून रवंथ थांबतो. टीव्ही बघताना तो थांबत नाही, कारण टीव्ही लक्ष मागतो पण हातपाय मागत नाही, आणि चुकलात तर काही बिघडत नाही.

दुसरं कारण त्याहून साधं आहे. हेल्मेटच्या आत तुम्ही कुणाचे टीम लीड नसता, कुणाचे बाबा नसता, कुणाचा मुलगा नसता. फोन खिशात असतो. चार तास कुणी तुमच्याकडून काही मागू शकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पस्तिशी-चाळिशीतल्या कित्येकांच्या आठवड्यात असे चार तास दुसरीकडे कुठेच नसतात.

यावर संशोधनही झालंय आणि रायडर ग्रुपवर ते अधूनमधून फिरत असतं, त्यामुळे त्याबद्दल नीट सांगायला हवं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मेंदूशास्त्रज्ञांनी पन्नासहून अधिक अनुभवी बाइकस्वारांना त्यांच्या स्वतःच्या गाड्यांवर साधारण २२ मैलांच्या, म्हणजे ३५ किलोमीटरच्या, ठरावीक रस्त्यावर पाठवलं आणि मेंदूतल्या विद्युत लहरी, हृदयाची गती आणि हार्मोन मोजले. कार चालवताना आणि नुसतं बसून असतानाही मोजले. बाइकवर हृदयाची गती सरासरी ११ टक्के आणि अ‍ॅड्रेनलिन २७ टक्के वाढलं, आणि ताण दाखवणारा कॉर्टिसॉलशी निगडित हार्मोनचा निर्देशांक २८ टक्के उतरला. २०२१ मध्ये तो अभ्यास शोधपत्रिकेत छापून आला. आकडे बोलके आहेत, मलाही ते वाचून आनंद झाला होता. पण त्याला पैसे बाइक बनवणाऱ्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीनेच दिले होते, हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती माणसं ठणठणीत, सरावलेली होती. राइडच्या वेळी आणि लगेच नंतर काय होतं एवढंच त्यात मोजलंय. ज्याला दीड वर्ष झोप नाही त्याचं आठवडाभर काय होतं, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. थेरपीशी तुलना तर त्यात कुठेच नाही.

तुमचा प्रश्न नेमका त्या आठवड्याचा आहे. गाडीवर किती शांत वाटतं हे तुम्ही लिहिलंत, पण घरी येऊन किल्ली खुंटीला लावल्यानंतर ती शांतता किती वेळ टिकते, ते लिहिलं नाहीत. माझ्यासमोर असतात तर मी पहिल्यांदा तेच विचारलं असतं. सोमवारी संध्याकाळपर्यंत टिकते? की पार्किंगमध्ये हेल्मेट काढतानाच पुन्हा पोटात गोळा येतो? आणि दीड वर्षापूर्वी किती टिकायची?

हा शेवटचा प्रश्न मी फार गंभीरपणे विचारते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. व्यवसाय बुडाला होता, भागीदाराने फसवलं होतं. सुरुवातीला महिन्यातून एक राइड त्यांना पुरायची. मग दर रविवार झाला. मग बुधवारी रात्रीही. माझ्याकडे आले तेव्हा आठवड्यातून तीन-चारदा रात्री अकरानंतर गाडी काढून नगर रस्त्याला सुसाट जात होते, कारण घाटातल्या शांत वेगाने आता काही वाटेनासं झालं होतं. घरी येऊन झोपत, दोन तासांनी उठत. बँकेची पत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये पडली होती, सात महिन्यांची. बाइक वाईट नव्हती. पण प्रत्येक वेळी ड्रॉवरची भीती वाटली की गाडी, आणि गाडीवर सुटका. असं शंभरदा झालं की मन एवढंच शिकतं की भीती वाटली की निघायचं. ड्रॉवर उघडला तर काय होतं, हे शिकायची वेळच येत नाही. मानसशास्त्रात आम्ही याला टाळणं म्हणतो. चिंतेचा आजार जगतो तो मुख्यतः या टाळण्यावरच. त्यांच्या थेरपीतलं सगळ्यात मोठं काम काय होतं सांगू? तिसऱ्या सत्राला ती पत्रं पिशवीत घालून आणली आणि आम्ही दोघांनी एकेक करून उघडली. पहिलं उघडताना त्यांचे हात थरथरत होते. सातव्या-आठव्याला ते स्वतःच फाडून वाचायला लागले.

माझं स्वतःचंही सांगते. बाबा २०१६ मध्ये गेले. मी दोन आठवड्यांत कामावर परतले, आणि दर रविवारी एकटी गाडी घेऊन निघायचे. कधी वरंध घाट, कधी पसरणी चढून पाचगणी. वर्षभर मी सगळ्यांना, आणि स्वतःलाही, सांगत होते की मी ठीक आहे, रविवारची राइड मला सांभाळते. एका रविवारी भोरहून परतताना कापूरहोळला चहाला थांबले आणि लक्षात आलं की मागचे दहा-बारा किलोमीटर मला आठवतच नाहीत. एकही वळण आठवत नव्हतं. मी गाडीवर होते, पण मन बाबांच्या आयसीयूच्या दाराशी होतं. त्या दिवशी फार घाबरले. जी गोष्ट माझं लक्ष बांधून ठेवत होती, तिचीच सवय झाली होती. घाट पाठ झाला की घाटातसुद्धा रवंथ करता येतो. त्या आठवड्यात मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन केला आणि अकरा सत्रं त्यांच्याकडे गेले. तिथे पहिल्यांदा मी हे मोठ्याने म्हणाले की व्हेंटिलेटर काढायच्या कागदावर सही मी केली होती. हेल्मेटमध्ये हे वाक्य माझ्याकडून वर्षभरात एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं.

म्हणून 'गाडीच थेरपिस्ट' हे वाक्य मला खटकतं. गाडी ऐकते, हे मान्य. पण उलटा प्रश्न विचारत नाही. तुम्ही तीनदा तेच बोललात हे तुमच्या लक्षात आणून देत नाही.

मित्रांचंही थोडं सांगायला हवं, कारण राइडमधला अर्धा गुण माझ्या मते त्यांचा आहे. पुरुष समोरासमोर बसून मनातलं बोलत नाहीत, पण शेजारी-शेजारी उभं राहून बोलतात. टपरीवर कटिंग हातात असतो, सगळ्यांच्या नजरा गाड्यांकडे असतात, कुणी चेनवर स्प्रे मारत असतो, आणि त्यात एखादा पटकन बोलून जातो, 'यार, गेले दोन महिने पगार नाही झालेला.' हे वाक्य त्याने घरात कुणालाही सांगितलेलं नसतं. आमच्या ग्रुपमध्ये मी हे कितीदा तरी पाहिलंय. अशा वेळी बाकीचे काय करतात यावर बरंच काही अवलंबून असतं. 'सोड रे, होईल सगळं नीट, चल निघू' म्हणून हेल्मेट चढवलं की तो माणूस पुढच्या वेळी बोलत नाही. कुणी नुसतं 'मग घर कसं चालवतोयस?' एवढं विचारलं तरी तो दहा मिनिटं बोलतो. तुमच्या ग्रुपमध्ये असा एक जरी मित्र असेल तर त्याला जपा. पण तुमची झोप, तुमची चिडचिड आणि तुमचं घर यांचा गुंता सोडवणं हे त्याचं काम नाही, आणि ते त्याच्यावर टाकूही नये.

आता थेरपीत नेमकं काय होतं ते. बऱ्याच जणांना वाटतं, तिथे जाऊन रडायचं आणि समोरची व्यक्ती सल्ला देणार. सल्ला द्यायला काका-मामा आहेतच. तुमच्यासारख्या तक्रारीसाठी जी पद्धत आम्ही जास्त वापरतो ती सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी), म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती बांधली. तिच्याच जवळची, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीत इतकी सोपी करून आणली की महाराष्ट्रात अनेकांना ती नावानिशी माहीत आहे. साधारण ४५ ते ५० मिनिटांचं सत्र, आठवड्यातून एकदा, बारा ते वीस सत्रं असा अंदाज धरा. कमीही लागू शकतात. आणि मधल्या आठवड्यात गृहपाठ असतो.

समजा तुम्ही आलात. मी म्हणेन, गेल्या आठवड्यातली एक रात्र घेऊ. रात्री १०:४० ला मॅनेजरचा मेसेज येतो, 'सकाळी बोलू.' पोटात खड्डा पडतो. तुम्ही म्हणाल, मेसेजमुळे. मी विचारेन, मेसेज वाचला आणि पोटात खड्डा पडला, या दोन्हींच्या मध्ये डोक्यात काय गेलं? पहिल्या वेळी कुणालाच सांगता येत नाही. मग हळूहळू सापडतं. 'आता मला काढणार.' त्याच्या खाली, 'काढलं तर मी घर चालवू शकणार नाही.' त्याच्याही खाली बहुतेक वेळा एक जुनं वाक्य बसलेलं असतं, 'मी कमी पडलो म्हणजे माझी किंमत शून्य.' हे वाक्य ऑफिसातून आलेलं नसतं, त्याआधीचं असतं. ते सापडलं की त्याची तपासणी करायची. गेल्या दीड वर्षात 'सकाळी बोलू' असे मेसेज किती आले? त्यातल्या किती सकाळी खरंच काही वाईट झालं? वहीत लिहायचं, मोजायचं. मग प्रयोग करायचे. एखाद्या रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि सकाळी काय झालं ते नोंदवायचं. मॅनेजरशी कामाच्या वेळांबद्दल जे बोलणं तुम्ही दीड वर्ष टाळताय, त्याची माझ्यासमोर तीनदा तालीम करायची. मी मॅनेजर बनते, तुम्ही बोला. पहिल्यांदा अडखळाल. तिसऱ्यांदा वाक्य सरळ येईल.

झोपेवरही वेगळं काम असतं. पहाटे तीनला जागे होऊन तासभर अंथरुणात घड्याळ बघत पडलात की मेंदू अंथरुणाचं नातं जागरणाशी जोडतो. म्हणून आम्ही सांगतो की झोप येत नसेल तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, झोप आली की परत या. आणि रात्री कितीही वाजता झोपलात तरी सकाळी उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. ऐकायला अगदीच साधं वाटतं. पाळायला पहिले दोन आठवडे फार जड जातं, म्हणून सोबत कुणीतरी लागतं.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. पहाटेची जाग, ठरल्यासारखी, महिनोन्‌महिने. चिडचिड. हे नुसत्या ताणाचं चित्र नाही, यात नैराश्य असू शकतं. पुरुषांमध्ये नैराश्य पुष्कळदा रडण्यातून न दिसता रागातून दिसतं. न भेटता निदान करणं चूक आहे, मी ते करत नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक रोज, मन खचलेलं असणं, कशात रस न वाटणं, झोप-भूक बिघडणं, आपण निकामी आहोत असं वाटणं, यातलं बरंचसं जुळत असेल तर तपासणी करून घ्यायलाच हवी. रविवारची राइड आवडते म्हणून नैराश्य नसेलच असंही नाही. पुष्कळांना आठवड्यातली एकच गोष्ट आवडत राहते, ती धरूनच ते टिकून असतात.

आणि एक गोष्ट स्पष्ट विचारते, कारण दोन्ही दुनियांत वावरते म्हणून मला ती ऐकायला मिळते. गाडीवर असताना 'आता परत नाही गेलो तरी काय फरक पडतो' असा विचार कधी चमकून जातो का? एकदाही आला असेल तर तो कुणाला तरी आजच सांगा. किल्ली बायकोकडे द्या आणि काही दिवस एकटे बाहेर पडू नका. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र कधीही, मराठीतही बोलता येतं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची. त्याच वर्षी आत्महत्यांची नोंद १,७०,९२४ झाली, सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६, आणि देशभरातल्या या नोंदींमध्ये दहातले सात पुरुष. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिल्यापासून मी ग्रुपमध्ये हेल्मेटबद्दल जितकी बोलते तितकीच याबद्दलही बोलते.

झोपेचा आणि गाडीचाही थेट संबंध आहे. शनिवारी रात्री तीन तास झोपून पहाटे साडेचारला घाट गाठणं धोक्याचं आहे. कमी झोपेत नजर वळणावर उशिरा पोचते, ब्रेक उशिरा लागतो, आणि तुम्हाला मात्र सगळं व्यवस्थित चाललंय असंच वाटतं. भांडण झाल्या झाल्या गाडी काढू नका, अर्धा तास चालून या, मग ठरवा. डॉक्टरांनी झोपेची किंवा चिंतेची गोळी दिली, विशेषतः क्लोनाझेपामसारखी, तर गाडी कधी चालवायची हे त्यांना स्वतःहून विचारा. ते विचारतील याची वाट बघू नका. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच 'काही उपयोग नाही' म्हणून त्या सोडू नका. हेल्मेट आयएसआय खुणेचं हवं, पट्टा लावलेला हवा. चांगल्या हेल्मेटने मरणाचा धोका साधारण ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो. चहाला थांबून निघताना पट्टा राहतो, मी स्वतः दोनदा पाहिलंय.

पैशांचं तुमचं म्हणणं योग्य आहे. दीड हजार ही लहान रक्कम नाही. पण थेरपी हा आयुष्यभराचा खर्च नसतो. बारा सत्रं म्हणजे अठरा हजार, आणि संपतं. काही वाटा मोफतही आहेत. बऱ्याच मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय असते, वर्षाला ठरावीक सत्रं कंपनीच्या खर्चाने. एचआर पोर्टलवर एकदा शोधा, आणि पहिल्याच फोनवर विचारा की माझं नाव आणि बोलणं कंपनीकडे जातं का. ससूनला मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही आहे. तिथे जायला लाज वाटते हे मी समजू शकते, पण तिथले डॉक्टर तुमच्यासारखी माणसं रोज पाहतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलंय. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, त्यामुळे बाह्यरुग्ण सत्रं त्यात बसतात का ते आधी वाचून घ्या.

माणूस निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएस करून पुढे शिकलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो क्रमांक मागा. मागितल्यावर जी व्यक्ती रागावेल तिच्याकडे जाऊ नका. दोन दिवसांचा कोर्स करून 'लाइफ कोच' झालेले पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे जाऊन पोळलेले लोक पुढे कुणाकडेच जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तीन-चार सत्रांनंतरही काय चाललंय ते तुम्हाला कळत नसेल तर तसं तोंडावर सांगा. तरी जमलं नाही तर माणूस बदला. गाडीचा मेकॅनिक आपण बदलतोच की.

ताणाखालच्या प्रत्येकाला थेरपी लागते, असं मी म्हणत नाही. काम नीट चाललंय, झोप लागते, घरी बोलणं होतं, आठवडाभराचा शीण रविवारी घाटात उतरतो आणि सोमवारी माणूस पुन्हा उभा राहतो, अशांना राइड पुरते. त्यांनी खुशाल राइड करावी. माझ्याकडे असे लोक आले तर मी त्यांना दुसऱ्या भेटीतच निरोप देते. तुमचं दीड वर्षाचं जागरण आणि घरातला चढलेला आवाज पाहता तुम्ही त्यांच्यातले आहात असं मला वाटत नाही.

गाडी विकू नका. नैराश्यावर काम करताना आम्ही स्वतः सांगतो की जे केल्याने बरं वाटतं ते वेळापत्रकात ठरवून ठेवा, मन नसलं तरी करा. तुमच्याकडे ते आधीच आहे, ते काढून टाकलं तर हातात उरेल काय? पण बायकोच्या वाक्याचा दुसरा अर्थही ऐका. ती आठवडाभर तुमची चिडचिड सोसते, आणि तुमचे सगळ्यात शांत चार तास घाटाला मिळतात, तिला नाही. रविवारी सकाळी ती लहान मुलासोबत एकटी असते. तिला एकदा बसवून विचारा की तिला गाडी खटकते की दुसरं काही. कदाचित शनिवारी दुपारचे चार तास तिचे असावेत, मुलगा तुमच्याकडे, एवढंच तिला हवं असेल.

पुढचे तीन आठवडे एक वही ठेवा. रोज रात्री दोन आकडे, मन किती जड होतं ते दहापैकी, आणि झोप किती तास झाली. रविवारी राइडहून आल्यावर वेगळी नोंद, हलकं वाटणं कधी संपलं, वार आणि वेळ. आणि वही भरायची वाट न बघता पहिली भेट येत्या शनिवारी सकाळची घ्या. रविवारची राइड तशीच राहू द्या, फक्त आदल्या रात्री लवकर झोपून, थोडं उशिरा निघून, नेहमीपेक्षा हळू. सत्रात सुटलेलं एखादं वाक्य दुसऱ्या दिवशी गाडीवर हमखास वर येतं. आलं की कडेला सुरक्षित जागा बघून थांबा, फोनमध्ये दोन ओळी टिपून घ्या, आणि पुढच्या शनिवारी त्या दोन ओळींपासून बोलायला सुरुवात करा.